केसाने गळा कापणारे

हिंगोलीत नव्याने बदली होऊन आलेल्या माणसाला इथल्या वस्त्यांची नावे ऐकून गंमत वाटते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार! आज तिथे ना पलटण राहिली आहे, ना तोफा. पण निजामाच्या राज्यात हे गाव मोठी लष्करी छावणी होते आणि त्या छावणीची आठवण या नावांनी अजून धरून ठेवली आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. बाहेरच्या जगाला तो ठाऊक आहे तो औंढ्याच्या नागनाथामुळे, नामदेवांच्या नर्सीमुळे आणि अलीकडे हळदीमुळे. मला मात्र आज या छावणीच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची आहे, आणि ती आपल्या घराघरांतली आहे.

या व्यापाऱ्याचे नाव हरीसिंग. १८३०च्या आगेमागे हिंगोलीच्या बाजारात त्याची चांगली पत होती. गोरे अधिकारीही त्याच्याकडून माल घेत. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला इंग्रज अधिकारी अशा गिऱ्हाइकांपैकीच एक. पुढे १८३९ साली टेलरने एका ठगाच्या कबुलीजबाबावर आधारलेली कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत खूप गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्याने या हरीसिंगाची हकिकत सांगितली आहे. आपण ज्याच्याशी देवघेव करत होतो तो सभ्य गृहस्थ या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता, हे कळल्यावर टेलरला जो धक्का बसला तो त्या पानांतून लपत नाही.

एक प्रसंग तर विलक्षणच आहे. जवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, अशी खबर हरीसिंगाला लागली. त्याने काय करावे? मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे तो गेला आणि मुंबईहून कापड आणायचे आहे, परवाना द्या, असा त्याने रीतसर अर्ज केला. परवाना मिळाला. मग वाटेत तो व्यापारी, त्याचे नोकर आणि जनावरे हाकणारी माणसे या सगळ्यांचा गळा आवळला गेला, आणि त्यांचे कापड सरकारी परवान्यानिशी हिंगोलीत येऊन छावणीच्या बाजारात उघड्यावर विकले गेले. पकडला गेल्यावर हरीसिंगाने स्वतः सांगितले नसते, तर हे कधीच कळले नसते. सांगताना त्याला पश्चात्ताप झाला नव्हता; एखादी फर्मास थट्टा सांगावी तसे त्याने ते सांगितले. पुढे माफीच्या साक्षीदारांनी नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्यातल्या जागा दाखवल्या. ठाण्याच्या मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर ती पुरली होती. एकामागून एक खड्डे उघडले जाऊ लागले, तेव्हा बघणाऱ्यांना किळस येऊन शोध थांबवावा लागला.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या खड्ड्यांपेक्षा तो परवानाच माझ्या मनात अधिक रुतून बसला. रेनॉल्ड्स मूर्ख नव्हता. पुढे ठगांच्या बंदोबस्ताच्या कामात याच अधिकाऱ्याचे नाव झाले. त्याने परवाना दिला, कारण समोरचा माणस नम्र होता, पत असलेला होता, चार मोठ्या माणसांच्या ओळखीतला होता. अशा माणसावर संशय घेणे हेच मुळी असभ्यपणाचे वाटते. माझ्या मनात हा परवाना रुतला त्याचे खरे कारण वेगळे आहे. असाच एक परवाना मीही कधीकाळी माझ्या सहीने दिला होता.

माझा परवाना

माझ्या मामेबहिणीचे लग्न झाले त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. दाजी म्हणजे लाखात एक! बोलणे असे की ऐकत राहावे. आमच्या घरी आले की आईच्या पायावर डोके ठेवायचे आणि तिच्यासाठी आठवणीने डाळिंबे आणायचे. वडिलांशी पीकपाण्याच्या गोष्टी, मुलांशी क्रिकेटच्या, माझ्याशी पुस्तकांच्या. ज्याला जे हवे ते त्याच्या पुढ्यात! लग्नकार्यात पंगतीला वाढायला सगळ्यांच्या आधी कंबर कसून तेच उभे राहत. आमच्या नात्यात जावयाचे कौतुक निघाले की पहिले नाव त्यांचे.

बहीण मात्र दर भेटीला थोडी थोडी वाळत चालली होती. आधी तिचे माहेरी येणे कमी झाले, मग तिच्या मैत्रिणींची पत्रे बंद झाली, आणि मग तिचे बोलणेच तुटक झाले. एकदा ती अचानक एकटीच निघून आली आणि नांदायला जायचे नाही म्हणाली. घरात कल्लोळ झाला. तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिच्या सासरी गेलो. दाजींनी आम्हाला पाहताच डोळ्यांत पाणी आणले. माझे हात धरून म्हणाले, ‘दादा, चुकलं असेल तर मला जोड्यानं मारा, पण हिला असं नेऊ नका.’ मी विरघळलो. बहिणीला बाजूला घेऊन सांगितले, ‘संसारात भांड्याला भांडं लागतंच. एवढा लाख माणूस आहे, जरा जुळवून घे.’ चहा घेतला आणि शेवटच्या एसटीने परत आलो. मोठे काम केल्यासारखे वाटत होते.

वर्षभराने ती पुन्हा आली, या वेळी लेकराला कडेवर घेऊन आणि उजव्या हाताला प्लास्टर घालून. ती काय बोलली ते मी आजही विसरलेलो नाही. ‘दादा, तुम्ही चहा पिऊन गेलात ना त्या दिवशी, तुमची एसटी गाव सोडून गेली नसेल तोच हे मला म्हणाले, बघ, आता तुझी माणसं माझी झाली. त्यानंतर मी कुणाला काही सांगितलंच नाही.’

म्हणजे माझा परवाना त्यांनी कापडासारखाच वापरला होता.

गोडी आणि दरारा

अशा माणसांबद्दल आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. केसाने गळा कापणे, गोड बोलून काटा काढणे, ओठात एक आणि पोटात एक. हे वाक्प्रचार काही पुस्तकी पंडितांनी तयार केलेले नाहीत, हे पोळलेल्या माणसांनी घडवलेले आहेत. मानसशास्त्राने या स्वभावाची नीट मांडणी केली ती मात्र विसाव्या शतकात. हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली अशा रुग्णांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा आशय असा की, ही माणसे शहाणपणाचा मुखवटा घालून वावरतात. क्लेक्लीने अशा स्वभावाची सोळा लक्षणे दिली. त्यांतले पहिलेच लक्षण कोणते असावे? क्रूरपणा नव्हे, चोरी नव्हे, वरवरची मोहकता! पुढे कॅनडातल्या रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या माणसांचा अभ्यास करून वीस मुद्द्यांची चाचणी बनवली, तिच्यातही पहिला मुद्दा गोडबोलेपणाचाच आहे. त्यानंतर येतात खोटे बोलण्याची सवय, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या दुःखाविषयीचा कोरडेपणा, जबाबदारी झटकणे वगैरे गोष्टी.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४च्या आपल्या नियमावलीत समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे प्रमाण पुरुषांत शेकडा तीन आणि स्त्रियांत शेकडा एक असे दिले होते. हे आकडे तिकडचे. इकडे ते थोडे कमीजास्त धरले, तरी हजार-दीड हजार वस्तीच्या गावात अशी दहा-वीस माणसे असणारच. ती सगळी काही खुनी नसतात. बहुतेक जण उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरीही चढत नाहीत. कुणी भावकीत असतो, कुणी कचेरीत, कुणी संस्थेच्या अध्यक्षपदावर.

आता यातला दुसरा भाग पाहू. गोडी आणि दांडगाई या दोन गोष्टी आपल्याला एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. म्हणून आपण म्हणतो, ‘माणूस मनाने चांगला आहे हो, फक्त राग आवरत नाही.’ माझ्या मते या एका वाक्याने आपल्याकडे जितकी घरे उद्ध्वस्त केली, तितकी दारूनेही केली नसतील. राग आवरत नाही म्हणता? मग तो साहेबांपुढे बरा आवरतो! सावकारापुढे, फौजदारापुढे, बाजार समितीच्या सभापतीपुढे तो बरोबर आवरतो. आमच्या दाजींचा पारा कधी चारचौघांत चढला नाही. तो दाराची कडी लागल्यावरच चढायचा. जो राग जागा, वेळ आणि माणूस पाहून येतो, त्याला राग म्हणू नये. ते हत्यार आहे. आणि गोडी हे त्याच माणसाच्या दुसऱ्या हातातले हत्यार आहे.

ठगांच्या टोळीत ही दोन कामे दोन माणसांकडे असत. त्यांच्या सांकेतिक बोलीतले शब्द स्लीमन या अधिकाऱ्याने १८३६ साली छापून ठेवले आहेत. वाटसरूशी गोड बोलून त्याला टोळीत ओढणारा तो सोठा, आणि रुमालाने गळा आवळणारा तो भुर्तोट. सोठ्याची युक्ती मोठी नामी असे. तो वाटसरूला सांगायचा, ‘पुढचा रस्ता धोक्याचा आहे, ठगांचा सुळसुळाट आहे. एकटे जाऊ नका, आमच्या सोबतीने चला.’ म्हणजे ठगांचे भय घालूनच ठग विश्वास मिळवायचा! मग आठवडा-आठवडा एकत्र मुक्काम, एकत्र जेवणखाण, गाणीबजावणी. सोबत पुरती जमली, बाकीचे जग मागे पडले, की एके संध्याकाळी तंबाखू आणण्याची साधीशी हाक यायची, आणि तीच खूण असायची.

घरातल्या, गावातल्या ठगाकडे टोळी नसते. तिथे सोठाही तोच आणि भुर्तोटही तोच. पण रीत जुनीच. ‘तुझे माहेरचे तुला ओळखत नाहीत, तुझ्या मैत्रिणी तुझ्यावर जळतात, भाऊ वाटणीवर टपून बसलेत, तुझे खरे हित पाहणारा मी एकटा.’ हे ऐकताना माणूस सुखावतो आणि आपल्या हाताने एकेक सोबत तोडत जातो. रस्ता निर्मनुष्य झाला की रुमाल बाहेर येतो.

जखम त्याची, मलमही त्याचेच

गोडी आणि दांडगाई यांची अदलाबदल कशी चालते, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या हळदपट्ट्यात घडणारी एक गोष्ट पाहा. गावात एक खरेदीदार येतो. पहिल्या वर्षी बाजारभावापेक्षा क्विंटलमागे चार पैसे जास्त, आणि तेही रोख. म्हाताऱ्यांना काका, बायांना माय, पोरांना खाऊ. दुसऱ्या वर्षी थोडी उधारी, पण पैसे वेळेवर. तिसऱ्या वर्षी सारा गाव आपली हळद विश्वासाने त्याच्या गाडीत भरतो. पुढे तारखा पडू लागतात. एखादा शेतकरी धीर करून चार माणसांत विचारतो, ‘शेठ, आमच्या पैशाचं काय?’ त्यावर हा माणूस एकदम उसळतो. ‘माझी अब्रू काढता? तुमच्या पोराच्या आजारपणात मध्यरात्री गाडी कुणी दिली होती? हेच का पांग फेडले?’ झाले! विचारणारा खाली मान घालतो, बाकीचे त्यालाच गप्प करतात. ज्याने पैसे बुडवले तो फिर्यादी झाला आणि ज्याचे बुडाले तो आरोपी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. या आरडाओरड्याचा उपयोग एकच, मूळ प्रश्न पुन्हा कुणी विचारू नये. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर येऊन बसतो, चहा मागतो, पाठीवर हात ठेवतो. शेतकऱ्याला हायसे वाटते. पैसे मात्र आलेले नसतात.

हे हायसे वाटणे फार घातक आहे. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. टोचा मारला की दर वेळी दाणा मिळाला, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर नाद सोडते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लावली, तर ते दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचा मारत राहते. मटक्याचा नाद सुटत नाही तो याच कारणाने. अधूनमधून लागतो म्हणून. माणसाच्या मनाचेही तसेच आहे. महिनाभर अपमान आणि एक दिवस गजरा, असे झाले की मन त्या एका दिवसाच्या आशेवर महिना काढते. लेनोर वॉकर या विदुषीने १९७९ साली मार खाणाऱ्या बायकांच्या मुलाखतींवरून हेच चक्र दाखवले होते. आधी ताण वाढत जातो, मग मारहाण होते, मग रडणे, माफी आणि लाड, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘ती इतका मार खाते तर निघून का येत नाही?’ असे आपण सहज विचारतो. तिला धरून ठेवणारी गोष्ट मार नसतेच, मारानंतरची ती गोडी असते.

या रीतीचा सर्वांत कुप्रसिद्ध नमुना म्हणजे चार्ल्स शोभराज. परदेशी प्रवाशांशी मैत्री करायची, त्यांना गुपचूप औषध देऊन आजारी पाडायचे, आणि मग आपणच त्यांची शुश्रूषा करायची. बिचारे प्रवासी त्याचे उपकार मानत! १६ मार्च १९८६ रोजी तो तिहार तुरुंगातून पळाला, तोही भिंत फोडून नव्हे, तर पहारेकऱ्यांना प्रेमाने गुंगीची मिठाई खिलवून. त्याला तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात पकडले ते आपल्या मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी. झेंड्यांनी त्याला १९७१ सालीही पकडले होते. पत्रकारांना, प्रकाशकांना, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना ज्या मोहकतेने भुरळ घातली, ती झेंड्यांपुढे चालली नाही. कारण साधे आहे. ते त्याच्या बोलण्याकडे पाहत नव्हते, त्याच्या मागच्या करणीकडे पाहत होते.

चुकीच्या दारावर पहारा

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ठगांविषयीची आपली बरीचशी माहिती इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेली आहे, आणि ती माफीच्या साक्षीदारांच्या तोंडची आहे. आपला जीव वाचवायला बोलणारा माणूस जास्तच बोलतो. त्यामुळे या साऱ्या कहाण्यांत अतिशयोक्ती किती, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात, आणि तो रास्त आहे. शिवाय त्या मोहिमेतून इंग्रजांच्या डोक्यात एक खूळ शिरले, गुन्हेगारी रक्तात असते आणि जातीजातींनी उतरते. त्याचीच परिणती पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात झाली. पिढ्यान्‌पिढ्या माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. मनावरून अजून गेलेला नाही.

हरीसिंगाची गोष्ट खरे तर याच्या नेमकी उलट शिकवते. तो पालावर राहत नव्हता, बाजारपेठेत राहत होता. पण आपण त्यातून काय घेतले? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. कारण काय, तर मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा. अनोळखी, मळक्या कपड्यांचा, वेगळ्या बोलीचा माणूस दिसला की आपले हात दगडाकडे जातात. आणि ज्याने खरेच आपला गळा धरलेला असतो, त्याला आपण पाट मांडून वाढत असतो! पहारा आहे, पण चुकीच्या दारावर आहे.

मग गोड बोलणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्यायचा काय? मुळीच नाही. असे झाले तर जगणेच नको होईल. आपल्या मराठवाड्याच्या बोलण्यात, पाहुणचारात जी ओल आहे ती खरी आहे, आणि बहुतेक गोड माणसे आतूनही गोडच असतात. शिवाय अमक्याला हा विकार आहे, तमका मनोरुग्ण आहे, असे ठरवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. ते तज्ज्ञाचे काम आहे, आणि त्यालाही बऱ्याच तपासणीनंतरच ते करता येते. आपल्याला निदान करायचेच नाही. आपण फक्त तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, ‘नाही’ म्हटल्यावर काय होते? गोडी खरी असेल तर ती नकाराने थोडी हिरमुसते, पण टिकते. खोटी असेल तर नाही म्हणताच रुमाल दिसतो. उसने पैसे असोत, सही असो, लग्नाची तारीख असो. एखाद्या लहान गोष्टीला नाही म्हणून पाहावे. दुसरी, ज्याच्यापासून काही मिळायचे नाही अशा माणसाशी तो कसा वागतो? हॉटेलातला पोऱ्या, घरची म्हातारी आत्या, शेतातला गडी. आणि तिसरी, तो आपल्याला माणसांत ठेवतो की माणसांतून उठवतो? जो खरा आपला असतो, त्याला आपले इतर कुणी असल्याची भीती वाटत नाही.

घराघरांत आपण मुलांना, आणि विशेषतः मुलींना, काय शिकवतो याचाही विचार व्हायला हवा. मोठ्यांना उलटून बोलू नये, कुणाचे मन मोडू नये, घरची गोष्ट बाहेर नेऊ नये. संस्कार म्हणून हे चांगले असेल, पण मऊ लागले म्हणून कोपराने खणणाऱ्याला अशीच जमीन हवी असते. ‘नाही’ म्हणणे हाही एक संस्कार आहे, आणि तो कुणीतरी शिकवावा लागतो. कायदा या बाबतीत आपल्यापुढे गेलेला आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात नुसती मारहाण नव्हे, तर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले आहे. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी आहे. पण त्या क्रमांकावर बोट ठेवण्याआधी बाईला एक गोष्ट हवी असते. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे घरातले एक तरी माणूस.

ते माणूस मी होऊ शकलो असतो. झालो नाही, कारण मला त्या माणसाने जसे वागवले त्यावरून मी त्याची परीक्षा केली. तो माझ्या बहिणीला कसे वागवतो, हे ज्या एका व्यक्तीला ठाऊक होते, तिलाच मी गप्प बसवले. आपल्यापैकी अनेक जण हेच करतात. ‘आमच्याशी तर बाई तो फार चांगला वागतो,’ हे वाक्य आपण साक्ष म्हणून देतो. हिंगोलीच्या छावणीतही तेव्हा बहुतेकांनी हेच म्हटले असते. हरीसिंग त्यांच्याशी चांगलाच वागत होता!

बहीण त्यानंतर परत गेली नाही. मामांनी या वेळी कुणाचे ऐकले नाही, माझेही नाही. तिने शिवणकाम शिकून घेतले, लेकराला वाढवले. मागच्या दिवाळीला तिच्याकडे गेलो होतो. तिच्या लेकाचे लग्न ठरत होते, आणि मुलीकडची माणसे चौकशीला यायची होती. मी म्हणालो, ‘पोराची शिफारस मी करतो, काळजी करू नको.’ मशीनवरून मान वर करून ती हसली. म्हणाली, ‘नको दादा. त्यांना म्हणावं, शिफारस कुणाचीच घेऊ नका. घरी या, चार दिवस राहा, आणि तो माझ्याशी कसा बोलतो ते बघा.’